आमची वाटचाल : कपलिंग पुलर घडत गेला तो असा

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींचं काम करणाऱ्या वर्कशॉपला खरी धावपळ पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै बोटी उभ्या, तेवढ्यात गिअरबॉक्स उतरवून, दुरुस्त करून परत बसवायचा. त्याआधी कपलिंग, म्हणजे पंख्याचा शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारा भाग, शाफ्टवरून निघायला हवं, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. कपलिंग शाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) घट्ट बसलेलं, दोघांना एकत्र फिरवणारी लोखंडी चावी गंजून खोबणीत एकजीव झालेली, वर तळाचं खारं पाणी वर्षभर उडालेलं.

घणाने ते कधी निघतं, पण कड फुटते. दुसरा सर्रास जुगाड म्हणजे मध्ये सॉकेट ठेवून गिअरबॉक्सच्या फ्लॅंजलाच (कपलिंग जिला जोडतात त्या चकतीलाच) लांब बोल्ट लावून आवळणं. त्यात फ्लॅंज बशीसारखी वाकते. केसभर वाकली तरी पुढे अलाइनमेंट जुळत नाही, आणि मग दोष गिअरबॉक्सला. म्हणून फ्लॅंजला हात न लावणारा पुलर आम्ही बनवायला घेतला: एक प्लेट बाजूच्या बोल्टांनी कपलिंगला बांधायची आणि मधल्या बोल्टने शाफ्टचं टोक रेटायचं.

पहिला होता १२ मिमीच्या एमएस (साध्या पोलादी) प्लेटचा. तो वाकला. मग २५ मिमी घेतली. मधला बोल्ट ईएन-८ पोलादाचा, एम-३० म्हणजे ३० मिमी जाडीचा, पण आटे ३.५ मिमी अंतराचे ठेवलेले. दोन फुटी दांडा लावूनही जोर कमी पडायचा. २ मिमीचे बारीक आटे पाडले तेव्हा त्याच हाताच्या जोरात काम व्हायला लागलं. आट्यांना मोली ग्रीस हवंच. कोरडा बोल्ट आट्यातच चावतो आणि प्लेटही घेऊन जातो.

भोकांचा त्रास वेगळा. प्रत्येक गिअरबॉक्सचा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) निराळा, म्हणून प्लेटींचा ढीग झाला. आता भोकांऐवजी मधून बाहेर जाणाऱ्या लांबट खाचा पाडतो. चार बोल्टची एक प्लेट आणि सहाची एक. खाचेवर साधा वॉशर आत दबतो, म्हणून ८ मिमी जाडीचा वॉशर सोबत देतो. बाजूचे बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट ताणला जातो, आणि आवळणाऱ्याला वाटतं कपलिंग हललं.

काढताना शाफ्टचा नट पूर्ण काढू नका. दोनच फेरे सैल करा, म्हणजे कपलिंग सुटताना उडत नाही आणि शाफ्टचे आटेही वाचतात. बोटाच्या टोकाएवढा पितळी तुकडा मधल्या बोल्टखाली ठेवा. बाजूचे बोल्ट समोरासमोर, पाव-पाव फेरा आवळून प्लेट सरळ बसवा. तिरकी बसली तर कपलिंग टेपरवरच अडकतं. मग मधला बोल्ट ताणून ठेवा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. नाही सुटलं तर फक्त कपलिंग गोल फिरवत गरम करा, पाण्याचा थेंब चुरचुरेपर्यंत, लाल नाही. गॅस पेटवण्याआधी तळातलं डिझेलमिश्रित पाणी उपसा आणि ग्लॅंडच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सांध्याच्या) दोरीवर ओलं फडकं टाका.

बोट पाण्यात असेल तर शाफ्टला ग्लॅंडच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, क्लॅम्प आधी मारा. शाफ्ट मागे निसटला तर ग्लॅंडमधून पाणी आत यायला वेळ लागत नाही. हे आम्ही पुलरच्या डब्याच्या झाकणावरच रंगवून देतो. कागद कोण वाचतो?

बसवताना सहा इंची कपलिंगच्या दोन तोंडांमधल्या फटीतला फरक सहा थाऊच्या (इंचाच्या सहा हजारांशाच्या) आत हवा, आणि तो बोट पाण्यात उतरवल्यावर मोजायचा. किनाऱ्यावर ओढलेल्या लाकडी बोटीचा बाक वेगळा असतो.

पुलर हवा असेल तर तीन मापं कळवा: पीसीडी, बोल्टची संख्या आणि पंखा सुकाणूला टेकेपर्यंत शाफ्ट मागे किती सरकतो. तिसरं माप बहुतेकजण विसरतात, आणि जागा तीन इंचांहून कमी निघाली तर मधला बोल्ट आखूड करावा लागतो.