सात आठवडे ७५.४

गेल्या नवरात्रात आहार क्लिनिकमधल्या मॅडमनी माझ्या फॉर्मवरची खूण लाल पेनाने खोडली. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

जूनमध्ये माझं वजन ८३.२ किलो होतं. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. (त्यात बरंच पाणी असतं, हे आधी कळलं असतं तर बरं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हाच साठा संपतो.) सप्टेंबरपर्यंत ७५.४ वर आले आणि काटा तिथेच थांबला.

क्लिनिकच्या फॉर्मवर दर शनिवारी एक प्रश्न असे: "या आठवड्यात पथ्य पाळले का?" खाली 'हो' आणि 'नाही', एवढंच. मी 'हो'वर खूण केली होती. पाचव्या आठवड्यालाही ७५.४ दिसल्यावर मॅडमनी माझी खूण खोडून 'नाही'वर केली. "ताई, खरं सांगा. उपवास चालू आहेत, साबुदाणा झाला असणार." मी नऊ दिवस भगर वाटीने मोजून खाल्ली होती. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे चालत होते. सगळं वहीत लिहिलेलं होतं, वही पिशवीत होती. ती काढून समोर ठेवली तर त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मागे चार जणी रांगेत उभ्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. मी रिक्षात बसून रडले.

सहाव्या आठवड्यात तेच. सातव्यातही तेच, वर आहारातून आणखी एक पोळी कमी. सहा महिन्यांचे पैसे आधीच भरले होते, म्हणून मी जात राहिले. तुम्ही भरू नका, महिन्या-महिन्याने द्या.

शेवटी पंचवटीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग विचारलं, "आई कशी होती अंगाने? आत्या?" दोघी माझ्यासारख्याच, पोटाने आणि दंडाने भरलेल्या. ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही आहात. आठ किलो कमी झालेल्या शरीराला चालायला, बसायला, झोपायलासुद्धा कमी ऊर्जा लागते. शिवाय वजन उतरलं की शरीर हात आखडून खर्च करतं आणि भूक वाढवतं. चरबी कमी झाली की लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक, घटतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला." चार महिन्यांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी वाचत बसले. १९९० साली कॅनडातल्या संशोधकांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना ८४ दिवस रोज हजार कॅलरी जास्त खायला दिल्या. खाणं सगळ्यांना सारखंच जास्त, तरी कुणाचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास वाढलं, तर कुणाचं तेरा किलोच्या वर गेलं. पण एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले. ते वाचून मला आई आठवली. "पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं," म्हणायची आणि आम्ही तिला गप्प करायचो.

म्हणून हातपाय गाळायचे असं मात्र नाही. २००७ मध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा वजनाशी संबंध कळला. त्याच्या दोन्ही प्रती वजन वाढवणाऱ्या प्रकारच्या असलेल्यांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं, भूकही जास्त लागते. पण आहार-व्यायामाने वजन उतरवायला बसलं तर त्यांचंही इतरांइतकंच उतरतं. त्यामुळे जनुकांच्या महागड्या तपासणीवर मी पैसे घातले नाहीत.

क्लिनिकने काढलेली पोळी डॉक्टरांनी परत दिली. डाळ, दही, अंडी वाढवली आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलायला लावली, कारण स्नायू टिकले तर खर्चही टिकतो. आणि टेपने कंबर मोजली. ती क्लिनिकमध्ये एकदाही मोजली नव्हती! जूनमध्ये ब्लाउज शिवताना शिंपिणीने माप घेतलं होतं, म्हणून फरक कळला: ९८ सेंटीमीटरची ९१ झाली होती. त्या सात आठवड्यांत परकराची नाडी दोन बोटं आत आली होती, मला ते दिसत होतं, पण फॉर्मवर त्याला जागा नव्हती. भारतीय बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की धोका धरतात, म्हणजे अजून बरंच बाकी आहे. पण माझे कष्ट वाया गेले नव्हते.

आता ७३.१ आहे. काटा घरीच, रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

आत्याची थायरॉइडची तपासणी पुढच्या बुधवारी आहे. ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. सोमवारपासून त्या बंद ठेवायला सांगितल्यात.