शून्य बरोबर, ३५ गडबडलेलं

समुद्री माशांचा टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून पाण्याची क्षारता मोजणारं यंत्र) शून्यावर आणायचं तंत्र पाठ असतं. काचेवर आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, बुडबुडा न राहता झाकण टेकवायचं आणि उजेडाकडे धरून रबरी टोपीखालचा स्क्रू फिरवायचा. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा शून्यावर आली की झालं. माझाही शून्यावर चोख बसत होता. पण मित्राच्या कंडक्टिव्हिटी मीटरशी (तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारता सांगतो) त्याचं काही जमेना, म्हणून यंत्र तपासायला नेमक्या ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण मागवलं. रेषा थांबली साडेछत्तीसच्या आसपास!

थोडं वाचल्यावर उलगडा झाला. हौशी लोकांच्या बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरवरची पट्टी मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट वगैरेही असल्यामुळे तेवढ्याच क्षारतेला प्रकाश किंचित जास्त वाकतो. ३५ पीपीटी समुद्री पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३९४ आणि ३६.५ पीपीटी मिठाच्या पाण्याचाही जवळपास तोच.

विकतच्या द्रावणावर डोळे झाकून विश्वास का ठेवा? घरीही एक बनवलं. प्रमाण ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी, पण स्वयंपाकघरातला काटा अर्धा ग्रॅम दाखवत नाही. मग सरळ दुप्पट केलं: ७३ ग्रॅम मीठ, १९२७ ग्रॅम पाणी. "कैऱ्या खारवतोयस का?" असं आईने विचारलंच. दोन्ही द्रावणांची रेषा एकाच जागी आली, तेव्हा कुठे स्क्रूला हात लावला.

पुण्यातल्या मे महिन्यात आणखी एक भानगड असते. यंत्रातली तापमान-भरपाई साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच चालते आणि दुपारी आमचा हॉल त्याच्या वर असतो. म्हणून यंत्र आणि बाटली रात्रभर एसीच्या खोलीत ठेवली, सकाळी थेंब टाकून मिनिटभर थांबलो आणि रेषा ३५ वर आणली. आता आरओचं पाणी शून्याच्या खाली दाखवतं. दाखवू दे, टँकमध्ये गोडं पाणी थोडंच मोजायचंय?

टँकचं पाणी मात्र इतके दिवसांचं ३५ सोडून साडेतेहेतीसवर आलं. मासे मजेत आहेत, त्यामुळे घाई नाही. बाष्पीभवनाने पातळी उतरली की सध्या टॉपअपला खारं पाणी देतोय, ३५ गाठलं की पुन्हा आरओ.