बारा वाजून पाच मिनिटं

आईचं विमान सव्वादहाला उतरलं. बॅगा यायला तासभर, मग पार्किंगमध्ये गाडी सापडेना. हीथ्रोहून घरी पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या पाच मिनिटांचे मी साडेबारा पौंड भरले.

लंडनमध्ये यूलेझ आहे, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारं क्षेत्र. २०१९ मध्ये फक्त शहराच्या मध्यभागात होतं, २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळं लंडन त्यात आलं. नियमात न बसणारी गाडी रस्त्यावर काढली की दिवसाचे १२.५० पौंड. दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून आमची एक फेरी दोन दिवसांची झाली. भरायचं विसरलात तर १८० पौंड दंड, १४ दिवसांत भरलात तर निम्मा. वर्षात सुट्टी एकच, नाताळची.

पैशांपेक्षा राग वेगळाच आहे. माझी गाडी २०१३ ची, डिझेल. शेजाऱ्याची २००६ ची पेट्रोल, वळताना कण्हते, तिला सगळं माफ! गाडीच्या धुराची युरोपातली मानकं आहेत, आकडा मोठा तसा नियम कडक. पेट्रोलला युरो ४ चालतं, डिझेलला युरो ६ लागतं, म्हणजे साधारण २०१५ च्या सप्टेंबरनंतरची गाडी. कारण डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, फुफ्फुसांना घातक वायू. बरं, लोकांना डिझेलकडे वळवलं कोणी? २००१ पासून इथला रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला, डिझेलवाल्यांना कमी बसायचा. मीही तेच बघून सेकंडहँड घेतली. तेव्हाचा शहाणपणा आता गुन्हा.

आईने विचारलं, "आपल्याकडे पीयूसी असते, तसंच ना हे?" मला आमची जुनी गाडी आठवली. ती घरी उभी आणि सर्टिफिकेट माझ्या खिशात. "तसंच," म्हणालो आणि विषय बदलला.

आपल्याकडच्या हवेला नावं ठेवणाऱ्या इथल्या लोकांना मात्र मी १९५२ चा डिसेंबर ऐकवतो. पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं लंडनवर बसलं होतं. तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं गेली, नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा, क्लीन एअर अॅक्ट, आला १९५६ मध्ये. यांनाही चार वर्षं लागलीच की.

एवढं भांडून झालं की माझी ऑफिसची बस साउथ सर्क्युलर या दक्षिण लंडनच्या वर्दळीच्या रस्त्याला लागते. पुढे लुइशममध्ये याच रस्त्यालगत एला अडू-किस्सी-डेब्रा राहायची. दम्याने सारखी हॉस्पिटलमध्ये. फेब्रुवारी २०१३ मध्ये गेली, नऊ वर्षांची होती. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. तिच्या आईने त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला.

२०१६ मध्ये इथल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने घाणेरड्या हवेचा देशाला बसणारा वर्षाचा भुर्दंड २० अब्ज पौंडांच्या वर काढला होता. आजारपणं, बुडालेले कामाचे दिवस, अकाली मृत्यू, सगळं धरून. त्यात माझे पंचवीस कुठे बसतात, मी मोजायला गेलो नाही.

गाडी अजून विकलेली नाही. भाव येत नाही, आणि महिन्यातून दोनदाच तर काढतो. आईचं परतीचं तिकीट मात्र दुपारचं काढलंय.