हॉल ते गॅलरी, २२ पावलं

आज मोजलीच. जाऊन-येऊन ४४. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि पाठोपाठ कोविडची साथ आली, बाहेर पडायचीच चोरी. पहिले पंधरा दिवस सोफ्यावर बसून बातम्या बघितल्या. वजन वाढलं, झोप गेली.

आज १०-१० मिनिटांच्या तीन खेपा केल्या. ताईशी फोनवर बोलत बोलत. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच वेग हवा म्हणे. (गाणं मला एरवीही येत नाही, ते सोडा.) सुरुवात आणि शेवट हळू, एकदम थांबायचं नाही. तिसऱ्या खेपेला जरा चक्कर आल्यासारखं वाटलं, तर मुकाट्याने खुर्चीत बसलो. हिरोगिरी कोणाला दाखवायची?

दुपारी ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा: बीपीच्या काही गोळ्यांनी कोरोना बळावतो, बंद करा. अरे बाबांनो, मार्च २०२० मध्येच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने सांगितलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नका. मी तेवढं लिहिलं. कोणीतरी अंगठा दाखवला, बाकी शांतता.

रात्री बायकोने विचारलं, "छातीत दुखलं तर संसर्गाच्या भीतीने सकाळपर्यंत थांबणार नाहीस ना?" खरं सांगायचं तर थांबलो असतो. तिने ओळखलं. आता अँब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरात पलंगाशेजारी चिकटवलाय, माझ्याच बाजूला.