आमची वाटचाल : तापाच्या रुग्णाचे रक्त तपासताना

फोंड्याच्या वरच्या बाजारात आम्ही रक्ततपासणीची लॅब सुरू केली, तेव्हा पावसाळ्यात कामाचा बहुतेक भार डेंग्यूचाच असे आणि अहवाल न्यायला आलेला प्रत्येक जण ‘प्लेटलेट किती?’ एवढेच विचारी. आम्ही मात्र शेजारचा पीसीव्हीचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडाही ठळक छापू लागलो, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागला की रक्त घट्ट होऊन पीसीव्ही चढतो, आणि ही वाढ मूळ आकड्याच्या 20 टक्क्यांपर्यंत गेली की डॉक्टर सावध होतात. तेही ताप उतरून घरचे निर्धास्त होतात त्याच सुमारास. त्यासाठी आधीचे आकडे हाताशी हवेत, म्हणून ते अहवालात शेजारीच देण्याची पद्धत आम्ही पाडली. यंत्राने प्लेटलेट फारच कमी दाखवल्या, तर माझी पत्नी स्वतः स्लाइडच्या कडेला गुठळ्या शोधते, कारण काहींच्या रक्तात ईडीटीए या, नळीतले रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजतच नाही.

मार्च 2020 मध्ये गोव्यात कोविडचे पहिले रुग्ण सापडले आणि सीआरपी, फेरिटिन, एलडीएच (शरीरातील दाह किंवा पेशींची हानी दाखवणाऱ्या तपासण्या) आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण देणारी तपासणी) ही नावे घरोघरी पोहोचली. बँकेचे कर्ज काढून आम्ही नवे यंत्र आणले, परंतु आयएल-6 या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाची तपासणी घेतली नाही. ती महाग, शिवाय नमुना पटकन वेगळा करून थंड ठेवावा लागतो. पुढे 2021 मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने, ऑक्सिजन कमी झालेल्या ज्या रुग्णांचा सीआरपी लिटरमागे 75 मिलिग्रॅम किंवा अधिक होता, त्यांना टोसिलिझुमॅब या आयएल-6 चा परिणाम रोखणाऱ्या औषधाचा लाभ होतो असे दाखवले, तेव्हा स्वस्त सीआरपीवर भर देण्याचा आमचा निर्णय योग्य वाटला. न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) घटल्याचे दाखवणारे गुणोत्तर तर साध्या सीबीसीतूनच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतूनच निघते; त्याचे वेगळे पैसे आम्ही कधी लावले नाहीत.

डी-डायमरने आम्हाला सर्वाधिक शिस्त लावली. एकाच नमुन्याचा आकडा एफईयू या एककात डीडीयू या दुसऱ्या एककातील आकड्याच्या साधारण दुप्पट येतो, त्यामुळे दोन लॅबचे अहवाल समोर ठेवून आजार बळावल्याचा निष्कर्ष काढणारे नातेवाईक आम्हाला वरचेवर भेटत. आता अहवालात आकड्याआधी एकक छापले जाते, आणि या तपासणीसाठीची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर रुग्णाची नाराजी पत्करूनही रक्त पुन्हा घेतले जाते.