घाम न आलेली सकाळ

घोडीला घाम फुटलेला बघून मला बरं वाटतं, असं म्हटलं की तबेल्यात नव्याने येणाऱ्या पालकांना नवल वाटतं. पण गोव्यात तरुण जनावर तयार करायचं तर मी आधी घाम बघते, मग चाल. घोडा अंगातली बहुतांश उष्णता घामावाटे बाहेर टाकतो. इथल्या दमट हवेत तो घाम लवकर सुकत नाही, म्हणजे आधीच अर्धी वाट बंद. घामच आला नाही तर उरलेली अर्धीही बंद.

सुरंगी ही तांबूस रंगाची, कपाळावर चांदवा असलेली शिंगी, म्हणजे तरुण घोडी. बाप थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा, आई काठियावाडी. आईकडून कानांची आत वळलेली टोकं आली आणि बापाकडून लांब पावलाची चाल. तीन वर्षं पूर्ण झालेली, पुढचे मधले दुधाचे दात पडून कायमचे आलेले. उंची १३९ सेंटिमीटर. स्पर्धेच्या पोनी, म्हणजे लहान चणीच्या घोड्यांच्या वर्गात नालाशिवाय १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची चालते, म्हणजे अजून थोडी वाढली तरी ती पोनीच राहील असा अंदाज. डिचोलीच्या एका गृहस्थांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी ती पुण्याकडच्या एका पैदासकाराकडून घेतली. विकणाऱ्याने तिच्या अंगावरचे केसांचे शुभ भोवरे मोठ्या हौसेने दाखवले. मी तिचे खूर, घोटे आणि पाठ बघत होते.

डिसेंबरात तिला आणलं. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा निर्वाळा हातात आल्याशिवाय गाडी सांगायची नाही, हा माझा नियम. संध्याकाळी निघालो, रात्रभर थंडाव्यात प्रवास. दर चारेक तासांनी थांबून पाणी दाखवायचं आणि दोरी सोडून तिला डोकं पुरतं खाली घालू द्यायचं. घोडा तासन्‌तास मान वर बांधून राहिला की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि प्रवासानंतर फुप्फुसं धरतात. पहाटे आंबोली घाट उतरलो, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो. खाली उतरल्यावर तिने आधी मातीचा वास घेतला, मग तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीकडे बघून खिंकाळली. पुढचे काही दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवून सकाळ-संध्याकाळ ताप बघितला. ठणठणीत होती.

हिवाळाभर तिच्यावर खरं काम केलं ते आमच्या मोतद्दार मामांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी. साताऱ्याकडचे, उभं आयुष्य घोड्यांत गेलेलं. रोजचा खरारा, पाय उचलून खूर साफ करणं, मोरखी, म्हणजे तोंडावरची दोरी, घालून शेजारून चालवणं. स्पर्धेत पाठीवर न बसता, हातात धरून दाखवण्याच्या वर्गात परीक्षक बांधा, चाल आणि वागणूक बघतात, पण लोकांना वाटतं बांधा चांगला असला की झालं. तसं नाही. परीक्षक समोर आला की पोनी अशी उभी राहिली पाहिजे की त्याच्या बाजूचा पुढचा पाय किंचित पुढे, मागचा किंचित मागे, आणि पलीकडचे दोन्ही पाय मधून दिसावेत. मग सरळ रेषेत कदम, म्हणजे संथ चाल, वळून दुडकी, म्हणजे हलकी धाव, आणि हे सगळं दोरी ढिली असताना. ही शिस्त अंगात मुरायला महिने लागतात. मुलगी शाळा सुटली की येऊन मामांच्या हाताखाली तेच करायची.

लगाम चढवण्याआधी डॉक्टरांकडून दात बघून घेतले, मग लांब दोऱ्यांवर मागून चालवत आम्ही तिला काजूच्या बागांमधल्या वाटांनी फिरवलं. शिगमो जवळ आला तशी वाड्यावर घोडेमोडणीची तालीम सुरू झाली. कमरेला लाकडी घोडे बांधलेली, तलवारी परजणारी माणसं आणि ढोल-ताशे! पहिल्या दिवशी सुरंगी जागेवर थरथरली. मामा तिच्या खांद्याशी उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, दोरीही ओढली नाही. ढोल थांबले, पुन्हा वाजले. थोड्या वेळाने तिने मान खाली घालून गवताला तोंड लावलं. शोच्या मैदानावर लाउडस्पीकर असतो, टाळ्या असतात. त्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

मार्चअखेर नमदा (खोगिराखालची गादी), खोगीर, तंग (पोटाखालचा पट्टा) हे सगळं तिने शांतपणे घेतलं. आधी पाठीवर नुसतं पोटावर आडवं पडणं, मग माझा एक हलक्या अंगाचा शिकाऊ स्वार बसला. फक्त कदम, तेही मिनिटं मोजून. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षं उलटल्यावर पुरी होते. तीन वर्षांच्या पाठीवर मिरवणारे लोक बघितले की माझा जीव तुटतो.

ती सकाळ मेच्या सुरुवातीची. उजाडताच मैदानावर होतो, तरी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसलेली. सुरंगी नेहमीसारखी गोल फिरली, मग स्वार बसला. दोन-तीन फेऱ्यांत ती मंदावली. आळस केला असं मुलाला वाटलं, त्याने टाच लावायला पाय हलवला, आणि मी त्याला तिथेच उतरवलं. तिच्या नाकपुड्या पार फाकलेल्या होत्या आणि कुशी भात्यासारख्या नव्हे तर भरभर, उथळ हलत होत्या. तंग सोडला, नमद्याखाली हात घातला. जरासा ओलावा. अयाळीखाली थोडा दमटपणा. मानेवर, छातीवर, मांड्यांवर हात फिरवला तर कातडी तापलेली आणि कोरडी ठाक. शेजारी तेवढंच काम केलेली म्हातारी घोडी घामाने निथळत होती, मांड्यांमध्ये पांढरा फेस. सुरंगीचा ताप घेतला: ४०.६ अंश सेल्सिअस. निरोगी घोड्याचा ३७.५ ते ३८.५ असतो.

मी पाइप लावायला सांगितला तेव्हा मामा पुढे आले. "ताई, तापल्या घोड्यावर गार पाणी? पाय धरतील तिचे." त्यांच्या पिढीने हेच ऐकलंय, आणि त्यात जनावराची काळजीच आहे. पण १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी तिथल्या उकाड्याच्या धास्तीने याचा नीट अभ्यास झाला आणि तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी ओतणं सुरक्षित असतं, उपयोगी असतं, हे सिद्ध झालं. "मामा, जबाबदारी माझी. ओता," म्हटलं. सावलीत, पंख्यासमोर, सगळ्या अंगावर न थांबता पाणी, बर्फ टाकलेल्या बादल्या. पाणी ओतताना मामांचा हात तिच्या मानेवरून निघाला नाही. ताप ३९च्या खाली आला तेव्हा तिने बादलीत तोंड घातलं.

डॉक्टर दुपारी आले. फुप्फुसं स्वच्छ, रक्तात संसर्ग नाही. मग त्यांनी मानेच्या कातडीत टर्ब्युटालिनची वेगवेगळ्या तीव्रतेची चिमूटभर इंजेक्शनं रांगेत दिली. हे औषध घामाच्या ग्रंथींना जागं करतं. निरोगी घोड्यात अर्ध्या तासात प्रत्येक टोचणीच्या जागी घामाचे थेंब उभे राहतात, अगदी सौम्य मात्रेच्या जागीसुद्धा. आम्ही सगळे त्या रांगेकडे बघत उभे. सगळ्यांत कडक मात्रेच्या जागी एक ओला ठिपका उमटला. बाकी रांग कोरडी.

घाम आटण्याचा हा विकार उष्ण, दमट मुलखातला. त्यावर खात्रीचं औषध नाही. मीठ आणि क्षार, सावली, पंखे, पहाटेचं काम, आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे थंड, कोरड्या जागी हलवणं.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. हिवाळ्यातल्या शोसाठी तयारी सुरू होती, त्यांनी दोघींसाठी पोशाख, लगाम सगळं मागवलं होतं. "ताई, फसवलं का आपल्याला विकणाऱ्याने?" असं त्यांनी विचारलं. नाही. दख्खनच्या कोरड्या हवेत ही शिंगी व्यवस्थित घामेजत असणार. दोष दिसला तो इथे आल्यावर. मी स्पष्ट सांगितलं, पाठीवर बसणं आज थांबलं, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू. मुलगी रडली नाही. "हातात धरून दाखवायला चालेल ना, ताई?" एवढंच तिने विचारलं.

त्याच आठवड्यात चोर्ला घाट चढून सुरंगीला बेळगावला एका ओळखीच्या तबेल्यात ठेवलं. मामा सोबत गेले, स्वतःहून. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला: दुडकीनंतर मानेवर घाम, मांडीत फेस. हा विकार उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढतो, हे माहीत असल्यामुळे आता तिचं वर्ष आम्ही असंच बांधलंय. थंडीत गोव्यात, मार्च संपायच्या आत घाटावर. या मोसमात ती मुलीबरोबर फक्त हातात धरून दाखवण्याच्या वर्गात उतरेल. खोगिराचा वर्ग चौथं वर्ष पुरं झाल्यावर, आणि तोही हिवाळ्यातलाच.