तुम्ही विचारलंत म्हणून: तिन्हींत अवघड काय गेलं?

गोव्याहून शर्यत करून परत आल्यापासून हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये, मासळी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला गेलाय. "पोहणं, सायकल, धावणं. तिन्हींत अवघड काय गेलं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं: समुद्र. आम्ही मालवणची माणसं. समुद्र काय नेऊ शकतो हे इथे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून भीतीचा मान आधी त्याला.

मी म्हणते, "खाणं." समोरच्याला वाटतं, ही प्रश्न टाळतेय. टाळत नाही. नीट सांगायला वेळ लागतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

शर्यत होती आयर्नमॅन 70.3. हा आकडा एकूण अंतराचा, मैलांत. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवून 21.1 किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत. गोव्यात ती 2019 साली पहिल्यांदा झाली, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. त्याआधी मी एक ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन केली होती: दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 धावणं. ती दोन केळी आणि एका बाटलीवर पार पडली. माझी चूक तिथेच झाली. मला वाटलं, आता हेच साधारण दुप्पट करायचं. अंतर दुप्पट होतं हे खरं, पण शरीराचा हिशोब तसा चालत नाही.

आपले स्नायू आणि यकृत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर साठवून ठेवतात. म्हणजे दोन हजारांच्या आसपास कॅलरी. सायकलवर माझ्या तासाला पाचशेच्या आसपास जातात. तीन-साडेतीन तासांची शर्यत असेल तर घरून आणलेल्या शिदोरीवर निभावतं. आठ तासांची असेल तर ती शिदोरी मध्येच संपते. अंगातली चरबी उरलेली असते, पण ती सावकाश जळते. तिच्यावर चालता येतं, जोरात सायकल मारता येत नाही. म्हणजे वाटेत खात राहणं भागच आहे.

हे मी वाचलं होतं. कळलं मात्र ऑगस्टमधल्या एका रविवारी. नारळी पौर्णिमा व्हायची होती आणि समुद्र अजून खवळलेला होता, म्हणून पोहणं मामाच्या वाडीतल्या विहिरीत चालायचं, कमरेला रबराची दोरी बांधून, जागच्या जागी. त्या दिवशी पोहून झाल्यावर लांब सायकल होती. मालवणहून चौके, धामापूर, नेरूर करत कुडाळ, तिथून पुढे थोडं आणि परत. निघताना एक कप चहा आणि वाटीभर पोहे. पाऊस होता, हवा गार होती, तहान लागलीच नाही. परतीच्या वाटेवर धामापूरच्या तलावाजवळ चढ आला आणि पाय फिरेनात. दुखत नव्हतं काहीच. पायांत नुसतं काही उरलं नव्हतं. हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर रस्ता लांब लांब जायला लागला आणि का कोण जाणे, रडू यायला लागलं. मोरीच्या कठड्यावर बसले. शेजारच्या घरातल्या काकूंनी पाहिलं आणि एक शब्द न विचारता तांब्याभर लिंबूपाणी आणलं, साखर अगदी ढीगभर घातलेलं. पंधरा मिनिटांत मी उठून उभी राहिले. ते पंधरा मिनिटांत बरं होणंच मला जास्त हलवून गेलं. म्हणजे माझी तयारी कमी नव्हती, हिंमतही नव्हती कमी. फक्त साखर संपली होती.

घरी आल्यावर आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोटात नाय ता पायांत खंयसून येतला?"

पुढचे दहा आठवडे मी पाय कमी आणि पोट जास्त घडवलं. पोटही घडवावं लागतं. व्यायाम करताना रक्त स्नायूंकडे जातं, आणि आपल्या हवेत त्वचेकडेही, अंग थंड ठेवायला. आतड्यांच्या वाट्याला फार थोडं उरतं, म्हणून घातलेलं अन्न तसंच पडून राहतं आणि मळमळ सुरू होते. पण सायकलवर थोडं थोडं नियमाने खात गेलं की आतडं हळूहळू शिकतं, हे मी स्वतःवर पाहिलंय. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांनी अर्धं केळं खाल्लं तरी ते घशाशी यायचं. सातव्या आठवड्यात आलं नाही.

एक गोष्ट फार उपयोगी पडली. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला साधारण 60 ग्रॅमच आत घेऊ शकतं. फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही मिळून 90 पर्यंत जाता येतं. आणि आपली घरातली साधी साखर म्हणजे ही दोन्ही निम्मी निम्मी. काकूंचं लिंबूपाणी का लागू पडलं ते तेव्हा समजलं. मी तासाला 50 ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं. एक मध्यम केळं साधारण 25 ग्रॅम. उकडलेलं रताळं 100 ग्रॅम खाल्लं की 20 ग्रॅम. खजूर. विकतचे जेल, म्हणजे पुडीतला साखरेचा घट्ट पाक, मी वापरले, त्यांना माझी ना नाही, पण तीन तासांनंतर त्यांचा गोडवा मला सोसत नव्हता. जत्रेतलं खाजंसुद्धा करून पाहिलं. गूळ आणि आलं दोन्ही हवंच होतं मला, पण कोरड्या तोंडात ते चावता येईना.

मिठाचा प्रश्न साखरेहून नाजूक. आपल्याकडे घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता टपकत राहतो, अंग तापलेलंच राहतं आणि मीठ निघून जातं. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम असतं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. माझी काळी टोपी वाळली की पांढरी व्हायची, म्हणजे माझ्यात जास्तच असावं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं असतं. रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस गोंधळतो, कोसळतो, जिवावरही बेततं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. टिम नोक्स यांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंमधला हा धोका 1985 मध्ये मांडला. त्याआधी सगळा भर पाणी पिण्यावरच होता, आणि आपल्याकडे अजूनही "भरपूर पाणी पी" एवढंच सांगतात.

माझं मीठ फडताळातच होतं. कोकमाचं आगळ. ते मीठ घालूनच टिकवलेलं असतं, त्यामुळे अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे आगळ आणि मोजून साखर घातली की आंबट, खारट, गोड तिन्ही मिळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चार तासांनीही ते प्यावंसं वाटतं. सायकलच्या दोन बाटल्या त्याच्याच होत्या.

आता शर्यत. पहाटे चारला मी पेज खाल्ली, उकड्या तांदळाची, मीठ घालून. रूमवर विजेच्या शेगडीवर करून घेतली होती. उजाडता उजाडता मिरामारच्या वाळूवर उभे होतो. पाणी चांगलंच कोमट होतं. 24.5 अंशांवर पाणी गेलं की वेटसूट, म्हणजे अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख, घालता येत नाही, तेव्हा आपल्या समुद्रात तो प्रश्नच नाही. मार्ग दाखवणारे तरंगते बोया लांब दिसत होते. मला पाण्याची भीती वाटली नाही. चिवला बीचवर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत मी दोनदा उतरलेय. लाटेत डोकं वर काढून दिशा बघायची सवय तिथली. पण परतीला वारा उजवीकडून आला. मी फक्त उजवीकडेच श्वास घेते. तीन-चार वेळा तोंडभर पाणी आत गेलं. त्या वेळी काही वाटलं नाही. 54 मिनिटांत बाहेर आले, धावत सायकलपाशी गेले, हेल्मेटचा बंद लावल्यावरच सायकलला हात लावला. नियमच आहे तसा.

सायकलचा पहिला तास अगदी ठरल्याप्रमाणे गेला. दर वीस मिनिटांनी घड्याळ वाजायचं, मी खायचे. दुसऱ्या तासात पोट फुगलं. ढेकर खारट यायला लागले. समुद्राचं पाणी पोटात तसंच होतं आणि वरून मी केळं घालत होते. घड्याळ वाजलं, हात खिशाकडे गेला आणि तोंड उघडेना.

माझ्यासाठी शर्यत खरी तिथे होती, पन्नासाव्या किलोमीटरच्या आसपास. कुणालाही दिसण्यासारखं काही नव्हतं. एक बाई सायकल चालवतेय, हातात केळं आहे. आजचा दिवस नकोच खायला, पाय चांगले आहेत, असं मन सांगत होतं, आणि धामापूरची मोरी आठवत होती. 1982 साली हवाईतल्या आयर्नमॅन शर्यतीत ज्युली मॉस पहिली येत असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळली, दुसरी तिला मागे टाकून गेली आणि ती रांगत रेषेपर्यंत पोचली, 29 सेकंद मागे. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मीही करते. पण ते दृश्य पाहताना मला दर वेळी वाटतं, कुणी तरी हिला तासाभरापूर्वी खाऊ घालायला हवं होतं.

मी वेग कमी केला. जोर कमी केला की पोटाकडे रक्त परत येतं, एवढं एकच गणित माझ्याकडे होतं. दहा-बारा मिनिटं हलक्या गिअरवर, फक्त आगळाचे घोट. कितीतरी जण पुढे गेले. त्यांना जाऊ देणं फार जड गेलं, इतके महिने ज्यासाठी घासले तेच हातातून सोडल्यासारखं. मग एक मोठा ढेकर आला आणि पोट हललं. खजुराचा अर्धा तुकडा गालात धरला, चावला नाही, विरघळू दिला. तो राहिला. मग दुसरा. सायकल 3 तास 51 मिनिटांत संपली.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑक्टोबरची दुपार, ऊन, टोपीत बर्फ, वाटेतल्या दर एड स्टेशनला, म्हणजे खाण्यापिण्याच्या टेबलाशी, दोन घोट, एक चिमूट मीठ. शेवटच्या पाच किलोमीटरला पोट पुन्हा बंद झालं, पण तोवर पुरेसं आत गेलेलं होतं. पायात गोळे आले नाहीत. एकूण 7 तास 48 मिनिटं. रेषेपलीकडे जेवण ठेवलेलं होतं, मी हात लावू शकले नाही. रात्री नऊला पहिला घास गेला.

हे सगळं ऐकल्यावर परवा आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले, "म्हणजे पाणी गिळलंस म्हणूनच ना पोट बिघडलं? मग समुद्रच की."

त्यांचं बरोबर आहे. म्हणून दिवाळीनंतर रोज सकाळी चिवल्याला जातेय. डावीकडून श्वास घ्यायला शिकतेय. काल सलग वीस हात जमले.